आधुनिक बंदुकांची संग्राह्यता : कसोट्यांचा विचार

१

जुन्या शस्त्रांचें मोल ठरविण्याचें काम त्यामानानें सोपें असतें. तोड्याची बंदूक किंवा जंबुरा पुढें आला म्हणजे तो जतन करण्याजोगा आहे याविषयीं वाद होत नाहीं; वाद होतो तो त्याच्या काळाविषयीं, घडविणाऱ्याविषयीं किंवा धन्याविषयीं. जें टिकावयाचें तें टिकलें, जें जावयाचें तें गेलें, अशी निवड काळानें आधींच करून ठेविलेली असते. परंतु गेल्या दीडशें वर्षांत कारखान्यांतून लक्षावधि संख्येनें बाहेर पडलेल्या बंदुका, रायफली व पिस्तुलें यांची गोष्ट निराळी आहे. त्यांतील कोणतें हत्यार पुढील पिढीस संग्रहणीय वाटेल आणि कोणतें मोडीच्या भावानें जाईल, हें आज सांगतां येईल काय, व येत असल्यास कोणत्या प्रमाणांवर, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

हा प्रश्न धनिकांच्या हौसेचा आहे, त्याच्याशीं इतिहासाचा संबंध काय, असें कोणी म्हणेल. संबंध निकटचा आहे. ज्या वस्तूस मोल आहे असें लोकांस वाटतें ती राखली जाते. जीस मोल नाहीं असें वाटतें ती वितळविली जाते. शिवाय मोल चढूं लागलें म्हणजे बनावटही सुरू होते, आणि खरा पुरावा खोट्यांत मिसळून जातो. दोन्ही प्रकारें हानि होते ती इतिहासाच्या साधनांची. म्हणून मोलाची कसोटी काय असावी हें ठरविणें हें संशोधकाचेंही काम आहे.

उदाहरणें आम्हीं बहुतेक अमेरिकेंतील घेतलीं आहेत. त्याचें कारण उघड आहे. तेथें खाजगी माणसांनीं बंदुका बाळगण्याचा प्रघात मोठा, कारखान्यांचीं दप्तरें पुष्कळ अंशीं शिल्लक, आणि जाहीर लिलांवांत आलेल्या किंमती छापून प्रसिद्ध होतात. तेथील १९६८ च्या कायद्यानें १८९८ सालीं किंवा त्यापूर्वीं घडलेलें हत्यार सामान्यतः 'प्राचीन' मानलें आहे. त्यानंतरच्या हत्यारांपैकीं ज्यास पन्नास वर्षें झालीं, किंवा सरकारी संग्रहालयाच्या अधिकाऱ्यानें ज्याचें महत्त्व प्रमाणित केलें, किंवा जें विलक्षणपणामुळें, दुर्मिळतेमुळें अथवा ऐतिहासिक व्यक्तीच्या वा प्रसंगाच्या संबंधामुळें मोलवान् झालें, त्याचा एक निराळा वर्ग तेथील नियमांत केलेला आहे. ही व्याख्या राज्यकारभारास सोईची आहे. पण पन्नास वर्षें उलटलीं एवढ्यावरून कोणी कोणत्याही बंदुकेस अधिक पैसे देत नाहीं. वय ही एक अट आहे, कसोटी नव्हे.

२

प्रथम एका कारखान्याचा इतिहास पाहूं. कारण या प्रश्नाचें उत्तर त्यांत जवळजवळ आयतें सांपडतें. कनेक्टिकट संस्थानांतील न्यू हेवन येथील विंचेस्टर कंपनी १८६६ मध्यें स्थापन झाली. तिच्या १८९४ च्या व १९३६ च्या नमुन्याच्या रायफली शिकाऱ्यांच्या व शेतकऱ्यांच्या घरोघरीं गेल्या. १९६४ मध्यें या कंपनीनें दोन गोष्टी केल्या. पहिली अशी कीं, मजुरीचा खर्च वाढल्यामुळें तिनें या दोन्ही रायफलींची घडण स्वस्त केली. १९३६ च्या नमुन्यांत काडतूस मागून धरून नळींत नेणारा व रिकामें झाल्यावर ओढून काढणारा एक लांब पोलादी पंजा होता, तो काढून टाकला. दस्त्यावरील चौकटींची नक्षी हातानें कोरली जात असे, ती ठशानें दाबून उठविण्यांत येऊं लागली. १८९४ च्या नमुन्यांत पूर्वीं भरीव पोलादांतून कोरून काढलेले कांहीं भाग पत्र्यांतून ठोकून निघूं लागले. दुसरी गोष्ट अशी कीं, वायोमिंग संस्थानाच्या पंचाहत्तराव्या वर्षाच्या निमित्तानें तिनें १,५०० खास 'स्मारक' रायफली विक्रीस काढल्या.

या स्मारक रायफली हातोहात खपल्या. तेव्हां कंपनीनें तोच क्रम पुढें चालविला. १९६६ मध्यें स्वतःच्या शताब्दीनिमित्त सोन्याचा मुलामा दिलेली रायफल काढली. ती एक लक्षाहून अधिक खपली. १९६८ मध्यें बफेलो बिल याच्या नांवानें काढलेलीही लक्षाच्या पुढें गेली. १९८१ मध्यें जॉन वेन या दिवंगत नटाच्या नांवाची निघाली. घेणारांनीं त्या मूळ खोक्यांतून बाहेर सुद्धां काढल्या नाहींत. कारण एक बार उडविला तरी मोल उतरेल अशी त्यांस भीति होती. मुलांच्या शिक्षणाची किंवा स्वतःच्या म्हातारपणाची तरतूद म्हणून कित्येकांनीं त्या कपाटांत ठेविल्या.

परिणाम काय झाला? सर्वांनींच जपून ठेविल्यामुळें त्या सर्वच्या सर्व शिल्लक राहिल्या. जी वस्तु एक लक्ष घरांत नवी कोरी पडून आहे तिला दुर्मिळ कोण म्हणेल? मोठ्या संख्येनें निघालेल्या या रायफली पुढें विकावयास काढल्या तेव्हां बहुधा साध्या रायफलीच्या आसपासच किंमत आली, आणि मधल्या काळांत पैशाची किंमत उतरली ती हिशेबांत घेतां अनेकांस मुद्दलही सुटलें नाहीं. याच्या उलट, १९६४ पूर्वींच्या साध्या रायफलींस संग्राहकांत 'चौसष्टपूर्व' असें निराळें नांवच पडलें, व त्यांस अधिक किंमत येऊं लागली. या साध्या रायफली थोड्या नव्हत्या. १९३६ च्या नमुन्याच्या चौसष्टपूर्व रायफली पांच लक्षांहून अधिक, आणि १८९४ च्या नमुन्याच्या पंचवीस लक्षांहून अधिक निघाल्या होत्या. तरीही लोकांनीं निवड केली ती त्यांची. कंपनीलाही १९९० नंतरच्या दशकांत तो टाकलेला पंजा आपल्या रायफलींत परत आणावा लागला. आणि २००६ मध्यें न्यू हेवनचा तो कारखाना बंद झाला.

एकाच कंपनीनें एकाच वर्षीं एक वस्तु मुद्दाम 'संग्राह्य' म्हणून घडविली आणि दुसरी नकळत संग्राह्य करून ठेविली. जिच्यावर स्मारकाचा लेख कोरला ती मागें पडली. जी करणें परवडत नाहीं म्हणून बंद केली ती पुढें आली. आमच्या मतें या विषयाचें बीज येथें आहे. संग्रहासाठीं घडविलेली वस्तु सहसा संग्राह्य होत नाहीं. कामासाठीं घडविलेली होते.

३

यावर पूर्वपक्ष असा येईल कीं, याच कंपनीनें मुद्दाम निवडून काढलेल्या एका जातीच्या रायफली आज अत्यंत मोलाच्या आहेत, त्याची वाट काय? ही हरकत विचारांत घेण्याजोगी आहे. १८७३ च्या नमुन्याच्या ज्या नळ्या चाचणींत असाधारण अचूक ठरत त्यांच्या रायफलींवर 'हजारांत एक' असा लेख कोरून कंपनी त्या शंभर डॉलरांस विकी. १८७५ च्या तिच्या सूचिपत्रांत ही जाहिरात आहे. अशा रायफली दीडशेंच्याही आंत निघाल्या. १९५० मध्यें या रायफलीवर एक चित्रपट निघाला, तेव्हां उरलेल्या रायफलींचा शोध लावण्यासाठीं जाहिराती देण्यांत आल्या, आणि अडगळींत पडलेल्या कित्येक उजेडांत आल्या. पण येथें भेद ध्यानांत घ्यावयास हवा. हा लेख नळीच्या गुणाचा होता, संग्राहकाच्या लोभाचा नव्हता. घेणारानें ती रायफल नेम धरण्यासाठीं घेतली, रानांत वापरली, झिजविली. किंमत जबर असल्यामुळें गिऱ्हाईक थोडें मिळालें, म्हणून संख्या अल्प राहिली. हा अपवाद नियमास बाध आणीत नाहीं. उलट त्यास पुष्टि देतो.

मग अल्पसंख्या हीच खरी कसोटी काय? तीही एकटी पुरेशी नाहीं. कित्येक पिस्तुलें थोडीं निघालीं तीं केवळ तीं निकृष्ट होतीं म्हणून. त्यांस आजही कोणी विचारीत नाहीं. अल्पसंख्येच्या मागें कांहीं इतिहास असेल तरच तिला अर्थ येतो. याचें उत्तम उदाहरण म्हणजे सिंगर या शिवणयंत्राच्या कंपनीचीं पिस्तुलें. युद्धाचा संभव दिसूं लागल्यावर १९४० मध्यें अमेरिकन सरकारनें या कंपनीस पंचेचाळीस बोअरचीं ५०० पिस्तुलें करून देण्याचें काम सोंपविलें. हेतु इतकाच कीं, वेळ आली तर शिवणयंत्राच्या कारखान्यास हत्यारें करतां येतील कीं नाहीं हें अजमावून पाहावें. पिस्तुलें उत्कृष्ट उतरलीं. इतक्या बारीक कामाचा कारखाना पिस्तुलांत गुंतवूं नये असें ठरून त्याच्याकडे तोफांचा नेम साधण्याच्या यंत्रांचें काम गेलें. पिस्तुलें करण्याचें काम टंकलेखनयंत्रें करणाऱ्या रेमिंग्टन रँड वगैरे कंपन्यांकडे राहिलें. एकट्या रेमिंग्टन रँडनें आठ लक्षांहून अधिक केलीं. सिंगरचीं ५०० पिस्तुलें सैन्यांत वांटलीं गेलीं व युद्धांत वापरलीं गेलीं. त्या वेळीं तीं कोणी निराळीं काढून ठेविलीं नाहींत. आज त्यांतील एखादें मूळ स्थितींत सांपडलें तर लाखाहून अधिक डॉलर येतात. हें मोल केवळ ५०० या आंकड्याचें नाहीं. एक देश युद्धाची तयारी कशी करतो याचा पुरावा त्या पोलादांत आहे, त्याचें तें मोल आहे.

१८४७ मधील कोल्टच्या 'वॉकर' रिव्हॉल्व्हराचीही तीच गोष्ट. सॅम्युएल कोल्ट याची पहिली कंपनी बुडालेली होती. स्वतःचा कारखाना नव्हता. मेक्सिकोशीं युद्ध सुरू झालें तेव्हां कॅप्टन सॅम्युएल वॉकर याच्या सूचनेवरून सरकारनें त्याच्याकडून १,००० रिव्हॉल्व्हरें मागविलीं, आणि कोल्टनें तीं व्हिटनी याच्या कारखान्यांत करून घेतलीं. आणखी सुमारें शंभर भेटीसाठीं व खाजगी विक्रीसाठीं झालीं. प्रत्येकाचें वजन साडेचार पौंडांच्या घरांत. दारूचा बार इतका जबर कीं कित्येकांचीं चक्रें फुटलीं. वॉकर स्वतः त्याच वर्षीं युद्धांत पडला. हत्यारें युद्धांत झिजलीं, हरवलीं, फुटलीं. फार थोडीं राहिलीं. त्यांपैकीं खाजगी विक्रीचें एक, मूळ पेटीसह, २०१८ मध्यें १८ लक्ष ४० हजार डॉलरांस गेलें. वस्तु दुर्मिळ होते ती कारखान्याच्या इच्छेनें नव्हे. वापरानें व नाशानें होते.

४

आतां तिसरी कसोटी, प्रसंगाचा संबंध. कोल्टच्या १८७३ च्या नमुन्याचीं रिव्हॉल्व्हरें पहिल्या काळांत, म्हणजे दुसऱ्या महायुद्धापर्यंत, साडेतीन लक्षांहून अधिक निघालीं. त्यांतील एक शेरीफ पॅट गॅरेट याजवळ होतें, आणि त्यानेंच त्यानें १८८१ च्या जुलईच्या १४ तारखेस न्यू मेक्सिकोंतील फोर्ट समनर येथें 'बिली द किड' या प्रसिद्ध बंडखोरास मारिलें. हें रिव्हॉल्व्हर २०२१ च्या ऑगस्टांत साठ लक्ष डॉलरांहून अधिक किंमतीस विकलें गेलें. घडणींत त्याच्यांत व त्याच्या भावंडांत फरक कांहींच नाहीं. फरक कागदाचा आहे. गॅरेटनें हें हत्यार एल पासो येथील एका पेयगृहाच्या मालकास प्रदर्शनासाठीं दिलें होतें. गॅरेट १९०८ मध्यें मारला गेला. पुढें त्याच्या विधवेनें तें परत मिळविण्यासाठीं दावा लाविला व १९३० नंतरच्या दशकांत तो जिंकला. म्हणजे त्या हत्याराची मालकी न्यायालयाच्या निवाड्यानें सिद्ध झाली. बाईंनीं तो दावा आपल्या हक्कासाठीं लाविला. पण त्यामुळें इतिहासास एक अस्सल दस्तऐवज मिळाला.

दुसरें उदाहरण अधिक अलीकडचें आहे. जॅक रूबी यानें १९६० मध्यें कोल्ट कंपनीचें अडतीस बोअरचें एक लहान रिव्हॉल्व्हर साडेबासष्ट डॉलरांस घेतलें. १९६३ च्या नोव्हेंबरच्या २४ तारखेस डॅलस येथील पोलीस कचेरींत, दूरचित्रवाणीच्या डोळ्यांदेखत, त्यानें त्या हत्यारानें राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या खुनाच्या आरोपीस ठार केलें. तें हत्यार तत्काळ पोलिसांच्या ताब्यांत गेलें. म्हणून त्याच्या ओळखीविषयीं शंकेस जागाच राहिली नाहीं. १९९१ मध्यें त्यास २ लक्ष २० हजार डॉलर आले. अशा वस्तूचा संग्रह करणें सुरुचीचें आहे कीं नाहीं हा प्रश्न निराळा. पण पुराव्याची सांखळी अखंड असली म्हणजे अगदीं सामान्य हत्यारासही केवढें मोल येतें, हें यावरून स्पष्ट होतें.

उलट बाजूही पाहावी. 'हें अमक्या दरोडेखोराचें पिस्तूल' असें सांगत येणारीं हत्यारें असंख्य आहेत. आजोबांनीं सांगितलें याहून त्यांस आधार नसतो. जुन्या कागदांत काम करणारांस हा अनुभव नवा नाहीं. सनदेवर शिक्का आहे, मोर्तब आहे, पण कागद शंभर वर्षें मागाहूनचा आहे, अशी गोष्ट वारंवार घडते. हत्यारांतही तेंच. सिंगरच्या पिस्तुलांचें मोल चढतांच साध्या पिस्तुलांवर सिंगरचा छाप उठवून विकण्याचा उद्योग सुरू झाला. अशा वेळीं तपास करावयाचा तो कागद तपासण्याच्या रीतीनेंच: अनुक्रमांक त्या वर्षाशीं जुळतो काय, अक्षरांचा ठसा त्या कारखान्याचा आहे काय, सर्व भाग एकाच काळचे आहेत काय, आणि कारखान्याच्या दप्तरांत नोंद काय आहे. विंचेस्टरच्या जुन्या नोंदवह्या वायोमिंगमधील कोडी येथील संग्रहालयांत आहेत, आणि अनुक्रमांक कळविल्यास ज्या नमुन्यांच्या नोंदी उरल्या आहेत त्यांविषयीं तेथून दाखला मिळतो. कोल्ट कंपनीही आपल्या दप्तरांतून असे दाखले देते. कित्येक वेळां हत्याराहून हा एक कागदच अधिक बोलका असतो.

५

चौथी कसोटी मूळ स्थितीची. आपल्याकडे जुनें नाणें हातीं आलें कीं चिंच लावून लखलखीत घासण्याची संवय आहे. त्याबरोबर अक्षरांचे कांठ जातात आणि नाणें वाचतां येईनासें होतें. बंदुकेच्या नळीवरील मूळचा निळसर रंग काढून नवा चढविणें, दस्ता रंधून नवें रोगण देणें, हा प्रकार तोच आहे. वस्तु देखणी होते, पण साक्ष द्यावयाची थांबते. अनुभवी संग्राहक झिजलेल्या पण अस्पृष्ट बंदुकेस नव्यानें उजळलेल्या बंदुकेहून अधिक मोल देतात, तें यामुळेंच.

आणखी एका प्रकारचें मोल असतें, त्यापासून सावध राहावयास हवें. १९८६ च्या मे महिन्याच्या १९ तारखेस अमेरिकेंत एक कायदा झाला. त्यानें असें ठरविलें कीं, त्या दिवसापर्यंत कायदेशीर रीतीनें नोंदलेल्या यांत्रिक बंदुकाच काय त्या खाजगी माणसांस घेतां देतां येतील. नव्या नोंदी बंद झाल्या, आणि नोंदलेल्यांच्या किंमती कित्येक पटींनीं चढल्या. एम-१६ ही रायफल जगांत लक्षावधि आहे. तिच्यांत दुर्मिळ कांहीं नाहीं. दुर्मिळ आहे तो नोंदीचा कागद. हें मोल विधिमंडळानें दिलेलें आहे, आणि विधिमंडळास तें एका ठरावानें काढूनही घेतां येईल. तसेंच कारखाना बंद झाल्यानें चढलेल्या मोलाचें. कोल्टचें 'पायथन' रिव्हॉल्व्हर १९५५ मध्यें निघालें व २००५ मध्यें बंद पडलें, तेव्हां त्यास मागणी वाढली. पण २०२० मध्यें कंपनीनें त्याच नांवाचें नवें रिव्हॉल्व्हर पुन्हा काढलें. आंतील रचना बदललेली असल्यामुळें जुन्याचें मोल बुडालें नाहीं. मात्र केवळ नांवावर भिस्त ठेवणारास यांत इशारा आहे.

६

या सर्वांचा सारांश असा. आजचें हत्यार उद्यां संग्राह्य ठरेल कीं नाहीं हें पाहावयाचें असल्यास त्यास चार प्रश्न विचारावे. तें कामासाठीं घडविलें होतें काय? त्याचें भावंड वापरांत नष्ट होत आहे काय? त्याच्या घडणींत किंवा भोगवट्यांत एखाद्या काळाची अथवा प्रसंगाची अशी खूण आहे काय कीं जी दुसऱ्या वस्तूंत सांपडणार नाहीं? आणि ती खूण अस्पृष्ट राहून कागदानें सिद्ध होते काय? चारी प्रश्नांस होकारार्थी उत्तर येईल तेथें मोल टिकेल. ज्या हत्याराबरोबर कारखान्यानेंच 'मर्यादित संख्या' असें प्रमाणपत्र छापून दिलें असेल, तेथें बहुधा पहिल्याच प्रश्नाशीं अडेल.

आपल्या देशांत बंदुकांचा असा बाजार नाहीं, आणि तो नसावा हेंच बरें. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणें परवान्यावांचून बंदूक बाळगतां येत नाहीं. २०१९ च्या दुरुस्तीनें एका माणसास दोनच बंदुकांची मर्यादा घातली. जुन्या धाटणीचीं, पुरातन मोलाचीं, आणि दुरुस्त करूनही चालणार नाहींत अशीं हत्यारें तेवढीं त्या कायद्यांतून वगळलेलीं आहेत. परंतु वरील कसोट्या आपल्यास निरुपयोगी नाहींत. बाजार नसल्यामुळें येथें मोल ठरविणारा कोणी नाहीं, म्हणून तें काम संशोधकांवर व संग्रहालयांवर अधिकच येऊन पडतें.

आपली 'थ्री-नॉट-थ्री' रायफल घ्या. कलकत्त्याजवळील ईशापूर येथील कारखाना १९०४ मधला. तेथें झालेल्या जुन्या रायफलींच्या मुठीजवळील कड्यावर राजमुकुट व त्याखालीं 'जी. आर. आय.' हीं बादशहाचीं अक्षरें असत. स्वातंत्र्यानंतरच्या रायफलींवर अशोकस्तंभाचे सिंह आले. रायफल तीच, पोलाद तेंच. कडें मात्र सत्तांतराची साक्ष देतें. पुढें हीच रायफल दशकानुदशकें पोलिसांच्या खांद्यावर राहिली. २००८ च्या नोव्हेंबरच्या २६ तारखेस मुंबईच्या छत्रपति शिवाजी टर्मिनसवर हल्ला झाला, तेव्हां तेथील रेल्वे पोलिसांच्या हातीं स्वयंचलित बंदुकांस तोंड देण्यास हीच जुनी रायफल होती. त्या रात्रींचें वर्णन ग्रंथांत पुष्कळ येईल. पण त्या दोन हत्यारांतील अंतर एक रायफल जितकें सांगेल तितकें शब्द सांगणार नाहींत. ती अमुक ठाण्याची, अमुक क्रमांकाची, अमुक शिपायाच्या हातीं दिलेली, ही नोंद जवळ असेल तर ती इतिहासाचें साधन आहे. नोंद नसेल तर ती लाखांतील एक जुनी बंदूक आहे.

म्हणून पोलीस खात्यांतून जुनीं हत्यारें मोडींत निघतील त्या वेळीं निदान तीन गोष्टी व्हाव्या असें आम्ही सुचवितों. प्रत्येक नमुन्याच्या व प्रत्येक छापाच्या एक दोन रायफली निकामी करून संग्रहालयांत ठेवाव्या. त्यांस नवें रोगण देऊं नये. आणि ज्या नोंदवह्यांत त्यांचे क्रमांक व ठाणीं लिहिलेलीं आहेत त्या वह्या हत्यारांबरोबरच राखाव्या. रद्दींत घालूं नयेत. रायफल एखादी कोठें तरी चुकून राहीलही. पण वही एकदां लगद्यांत गेली म्हणजे मागें उरलेल्या साऱ्याच रायफली मुक्या होतात.